माडगं, मिलो आणि शुगर

माणदेशातल्या लग्नात पंगतीला जिलबी फिरू लागली, की पन्नाशी गाठलेली कितीतरी माणसं आता पानावर हात आडवा धरतात. "शुगर हाय." सांगणाऱ्याला त्यात विशेष वाटत नाही, वाढणाऱ्यालाही नाही. आमच्या लहानपणी याच पंगतीत जिलबीवाल्याची वाट बघितली जायची. म्हातारी माणसं तर दोन जास्तीच्या मागून धोतराच्या सोग्यात नातवंडांसाठी बांधून न्यायची. साखरेचं दुखणं शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचं, आपलं नव्हे, अशी गावाची खात्री होती.

हात आडवा धरणाऱ्यांत १९७२-७३ला जन्मलेले दिसले की मी थबकतो. त्यांच्या आया मला आठवतात.

बाहत्तरच्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या विहिरींनी तळ दाखवला. कणगीतली ज्वारी संपली आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापतानाच तुटायची. गावच्या गावं दुष्काळी कामावर गेली. कामाच्या बदल्यात मजुरी ही कल्पना वि. स. पागे यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातच, तासगाव भागात आधी करून बघितली होती. पुढे तिचीच रोजगार हमी झाली. त्या कामांनी माणसं जगवली, हे ऋण मोठं आहे. पण पाझर तलावाच्या भरावावर मातीची पाटी वाहणाऱ्यांत दिवस भरत आलेल्या बायाही होत्या. दुपारच्या सुट्टीत सुकडी वाटली की तिच्यातली मूठभर त्या पदरात बांधायच्या, घरच्या पोरांसाठी. मग कमरेची डबी निघायची आणि बोटावर मिशरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ती तंबाखू दातांसाठी म्हणून सुरू व्हायची; पण "भूक मरती बाई" हे त्या स्वतःच सांगायच्या. भूक खरंच मरायची. तंबाखूतलं निकोटिन आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं आणि त्याचं वजन घटवतं, हे तेव्हा त्या भरावावर कुणाला ठाऊक असणार?

या आयांचा आणि त्यांच्या लेकरांच्या शुगरचा संबंध मला उलगडला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची नोंद ठेवली. त्या आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची पुऱ्या दिवसांची बाळं सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. मात्र आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. त्याचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं. पोटात असतानाच शरीर टंचाईच्या हिशेबाने घडतं; पुढेही टंचाईच राहिली तर ते निभावून नेतं. सुबत्ता आली की त्याची इन्सुलिन पुरवण्याची ताकद अपुरी पडू लागते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांच्या रक्तातली साखरही पन्नाशीच्या सुमारास वाढलेली आढळली.

हॉलंडची उपासमार एका हिवाळ्यात सरली. आमच्याकडे पाऊस पडला तरी घरातल्या बाईचा दुष्काळ सरत नव्हता. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलं तर. पोटुशीला जास्त खाऊ द्यायचं नाही, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड, असं सुईणही सांगायची. जात्यावर, शेतात, पाण्याच्या वाटेवर शेवटच्या दिवसापर्यंत काम. पुण्याच्या त्या अभ्यासातही जास्त कष्ट करणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली. म्हणून जुन्या काळाची आठवण मला गोडही लागते आणि टोचतेही.

गोड आठवणी थोड्या नाहीत. हुलग्याचं माडगं, ताकातल्या कण्या, बाजरीची भाकरी आणि खरडा. भांगलायला गेलेल्या बाया येताना ओटीत तांदुळजा, पाथरी, घोळ, चिघळ घेऊन यायच्या. पैसा लागायचा नाही, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारीच्याही वाट्याला ती भाजी थोडीफार यायची. याज्ञिकांच्या गटाला पालेभाजी, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं अधिक भरलेली आढळली, हे वाचलं तेव्हा त्या ओट्या डोळ्यांपुढे आल्या. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी नेण्याची रीत तर किती शहाणी होती! सासरचं काम सुटायचं, भूक लागेल तेव्हा खाता यायचं, बाळंत झाल्यावर अळिवाचे, डिंकाचे लाडू मिळायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र ही सुटी बहुतेकींना नसायची.

आता टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी खानापूर-आटपाडीकडे चढवलं, म्हैसाळचं जतकडे गेलं. कुसळांच्या माळावर ऊस उभा राहिला. हे पाणी यावं म्हणून आमच्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले. ते आलं याचा आनंद मला कुणापेक्षा कमी नाही. पण उसात तणनाशक मारलं की तांदुळजाही जळतो, पाथरीही. भांगलणच उरली नाही, मग ओटी कशाने भरणार? दारात मोटारसायकल, चार वेळा चहा, आल्या-गेल्याला फरसाण. दुष्काळात घडलेल्या शरीराला हे सगळं एका आयुष्यात मिळालं. डॉक्टर विचारतात, "वडिलांना होती का शुगर?" उत्तर येतं, "आमच्यात कुणालाच न्हवती." आई त्या नऊ महिन्यांत काय खात होती, हे कुणी विचारत नाही, आणि सांगायला ती बहुधा उरलेलीही नसते.

आपल्याकडच्या शिबिरांत चाळिशीपुढच्यांची शुगर तपासतात; तपासावीच. माझी आच मात्र विट्याच्या कॉलेजात एसटीने येणाऱ्या मुलींसाठी, उद्याच्या आयांसाठी आहे. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, आणि घरी गेल्यावर अजूनही पुरुषांच्या मागून जेवण. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. याज्ञिकांनी त्या सहा गावांतली मुलं वयात आल्यावर त्यांना बी-१२ जीवनसत्त्व देऊन पाहायला घेतलं, कारण गरोदरपणात गोळ्या सुरू करणं हे उशिराचं काम. आमच्या तालुक्यांतही लग्नाआधीच या मुलींचं वजन आणि हिमोग्लोबिन बघायला हवं. घरात त्यांचं ताट पहिल्या पंगतीला मांडायला हवं, आणि उसाच्या बांधाकडेचा एक वाफा तणनाशकाविना राखायला हवा.