टपाखालचा पत्रा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण कुठे गेले होते, याची यादी दर जुलैमध्ये आमच्या डॉर्मिटरीत होते. कोणी मनालीला, कोणी केरळला. या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी एका गाडीचा टप घासला." सगळे हसले. पण ते खरे होते. मी पाच आठवडे टपच घासला.

आमचे घर वडोदऱ्यात आहे. माझे आजोबा, म्हणजे आमचे नाना, सैन्याच्या ई.एम.ई. कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटचे पोस्टिंग इथल्या ई.एम.ई. स्कूलमध्ये होते, म्हणून सातारा सोडून ते इथेच राहिले. त्या आवारातले दक्षिणामूर्तीचे मंदिर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेले आहे. पत्र्यावर श्रद्धा ठेवायला आपण तिथे शिकलो, असे नाना गमतीने म्हणतात.

त्यांची गाडी १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तीच ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आहे आणि इंजिन १०८९ सीसीचे. नानांनी ती निवृत्तीनंतर जुनी म्हणूनच घेतली. आधीच्या मालकाने हौसेने तिच्या टपावर काळे विनाइल चढवून घेतले होते. ही मूळची अमेरिकेतली फॅशन. उघड्या टपाच्या गाडीला कापडी छत असते, तसे दिसावे म्हणून लोखंडी टपावर चामड्यासारखे विनाइल चिकटवायचे. आता ते विनाइल जागोजागी तडकले होते आणि मागच्या काचेजवळ फुगले होते. दाबले की आत कुरकुर आवाज यायचा.

१५ जूनला नाना-आजींच्या लग्नाला ५० वर्षे होणार होती. त्या दिवशी याच गाडीतून पावागडला जायचे, असे आजीने ठरवले होते. त्याआधी नवे विनाइल बसवायचे. बसवण्याचे काम बाजारातल्या सीटवाल्या काकांचे, पण टप तयार करून देण्याचे काम आमचे. नानांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात होते आणि त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. म्हणून "आमचे" म्हणजे माझेच.

सकाळी साडेपाचला सुरुवात करायची आणि नऊला थांबायचे. त्यानंतर वडोदऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही. (साडेपाचला उठणे मला जड गेले नाही. सुट्टीतही पी.टी.ची शिट्टी कानात वाजतेच.) आधी पन्हळीवरच्या चकचकीत पट्ट्या काढल्या. मग पुढची आणि मागची काच. विनाइलची कड काचेच्या रबराखाली दबलेली असते. काच न काढता कड कापून टाकली, तर नवे विनाइल तिथेच आधी सुटते आणि तिथूनच पाणी आत शिरते. मी आत बसून कोपऱ्यावर तळव्याने दाब देत होतो, नाना बाहेर हात पसरून उभे होते. काच सुटली तेव्हा आम्हा दोघांचाही श्वास अडकला होता.

जुने विनाइल मी ओरबाडून काढायला लागलो, तर नानांनी थांबवले. ते अखंड निघाले पाहिजे होते, कारण नवे कापताना तेच माप म्हणून उपयोगी पडते. आजीचा केस वाळवायचा ड्रायर लावून मी ते वीत-वीत सोडवले. खाली वाळलेल्या सोल्यूशनचे पिवळे-तपकिरी थर होते. काही प्लास्टिकच्या पट्टीने निघाले, बाकीचे थिनरने. थिनर लावताना हातमोजे घालायचे, तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवायचे आणि आजीला गॅस पेटवू द्यायचा नाही. त्या काळात आमचा चहा सकाळी दहाला व्हायचा, आणि आजीने गाडीवर राग धरला तो याच कारणाने.

त्या थरांखाली टपाच्या बरोबर मधून एक पेन्सिलीची रेघ सापडली, आणि तिच्या शेजारी ७ ते १० सेंटिमीटरची काही मापे. कोणा अनोळखी कारागिराने विनाइल सरळ बसावे म्हणून आखलेली मध्यरेषा होती ती. नानांनी टेप लावून मोजले. रेघ एका बोटाने डावीकडे होती. एवढ्या वर्षांनी कोणाची तरी चूक पकडल्याचा त्यांना फार आनंद झाला.

गंज मात्र आनंद होण्यासारखा नव्हता. विनाइलचे हेच वाईट असते. शिवणीतून किंवा काचेच्या कडेने पाणी एकदा आत गेले की ते बाहेर पडत नाही, आणि वरून सगळे काळे आणि नीटनेटके दिसत राहते. पन्हळीच्या कडेला गंजाची ओळ होती. ती मी लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासली, उरलेल्या खड्ड्यांना फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले आणि त्याच दिवशी प्रायमर मारला. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, असा नियम होता. एकदा मी घामेजल्या बोटांनी तो चाचपला, तर सकाळी माझी चार बोटे गंजाच्या रंगात पत्र्यावर उमटलेली होती.

३ जूनला नाना डोळ्याच्या दवाखान्यात होते आणि मी एकटा काम करत होतो. मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्याखाली गंजाचा फोड दिसला. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला. रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले.

मी काय केले ते लिहितो. स्वयंपाकघरातली जुनी चाळणी घेतली, तिची जाळी कापून भोकात आतून कोंबली, वरून लांबी भरली, वाळल्यावर घासली आणि प्रायमर मारला. संध्याकाळपर्यंत कोपरा गुळगुळीत झाला. मी स्वतःला सांगत होतो की १५ तारीख जवळ आली आहे, वेल्डर बोलावला तर आठवडा जाईल, आणि नाहीतरी वर विनाइलच येणार आहे. तीनही गोष्टी खऱ्या होत्या.

नाना घरी आले ते एका डोळ्यावर पट्टी लावून. त्यांनी टपावर सगळीकडे हात फिरवला. विनाइल पातळ असते, खालचा वाळूचा एक कणसुद्धा वरून पुरळासारखा दिसतो, म्हणून डोळ्यापेक्षा हाताने तपासायचे. कोपऱ्यापाशी त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुढे गेला. "छान झालंय रे," ते म्हणाले. शेजारच्या काकांना बोलावून त्यांनी माझे काम दाखवले. त्या रात्री मी जेवलो, पण आजीने काय वाढले होते ते आता आठवत नाही.

सीटवाल्या काकांना निरोप पाठवायच्या आदल्या दिवशी नानांनी त्यांच्या पेटीतून चुंबक काढला. शक्तिमान ट्रकच्या दिवसांपासूनचा तो चुंबक आहे. पत्र्यावर तो घट्ट चिकटतो, लांबीच्या जाड थरावर घसरतो. त्यांनी पुढून सुरुवात केली. टक, टक, टक. मी शेजारी उभा होतो. चुंबक कोपऱ्यापासून वीतभर लांब असताना मी म्हणालो, "नाना, तिथे भोक आहे. मी बुजवलंय." याला कबुली म्हणावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. अजून वीतभर थांबलो असतो तर ते त्यांना कळणारच होते.

नानांनी तरीही चुंबक तिथे नेला. तो घसरला.

"आत काय घातलंस?"

"चाळणीची जाळी."

"ती तुझी आजी चार दिवस शोधतेय," ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. किट इन्स्पेक्शनमध्ये मी पुष्कळ ओरडा खाल्ला आहे, त्याने मला इतके कधी लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी लांबी उकरून काढली. नाण्याएवढे भोक कापत कापत चांगल्या पत्र्यापर्यंत गेलो, तेव्हा ते माझ्या तळहाताएवढे झाले होते. वेल्डर येण्याआधी आतले छताचे कापड खाली उतरवले आणि डिकीतली पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. टपाचा पत्रा पातळ असतो, सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने तो पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मग थांबायचे. दीड तासात तळहाताएवढा तुकडा बसला. मग ग्राइंडर, आणि वर लांबीचा अगदी पातळ हात. "लांबी खोलगटासाठी असते, भोकासाठी नसते," एवढेच नाना बोलले. पण बोलले.

प्रायमर नीट कडक होईपर्यंत सोल्यूशन लावता येत नाही, नाहीतर त्यातला थिनर प्रायमरलाच उचलतो. १५ जून तसाच आला. नाना आणि आजी पावागडला एस.टी.ने गेले. आजीने इस्त्रीची पैठणी नेसली होती. मी त्यांना डेपोवर सोडायला गेलो. "खिडकी मिळाली बघ," आजी आतून म्हणाली. बस सुटल्यावर मी घरी येऊन उरलेला टप बारीक पॉलिश पेपरने पुन्हा एकदा घासला. त्याची तशी गरज नव्हती.

२० तारखेला मी परत निघालो. आदल्या संध्याकाळी नानांनी मला मध्यरेषा आखायला लावली. पुढच्या आणि मागच्या काचेच्या कडा मोजल्या, दोन्हींचे मध्य काढले आणि दोरी ताणून पेन्सिल फिरवली. नानांनी तीन वेळा टेप लावला. रेघ बरोबर होती.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी फोनवर कळले की विनाइल बसले. आजी म्हणाली, घरभर सोल्यूशनचा वास आहे आणि तिने नवी चाळणी आणली आहे. मग नाना फोनवर आले. मी विचारले, "कोपऱ्यात जोड कळतो का?"

"वरून नाही कळत," ते म्हणाले. "दिवाळीत ये, पावागडला जाऊ. गाडी तू धुवायची."