जुनं मॉडेल

टोयोटाने क्वालिस भारतात आणली ती २००० साली, आणि ही आपल्या गळ्यात मारलेली जुनी गाडी आहे हे माझं मतही त्याच वर्षी पक्कं झालं. मत हवेतलं नव्हतं. इंडोनेशियात किजांग नावाची गाडी चालायची. तिची १९८६ सालची पिढी तिकडे अकरा वर्षं विकली गेली, १९९७ मध्ये तिथल्या लोकांना नवी किजांग मिळाली, आणि मागे राहिलेल्या जुन्या किजांगवर थोडा हात फिरवून ती क्वालिस या नावाने आपल्याकडे आली. अडीच लिटरच्या घरातलं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती, टर्बो नाही, मागे पाटे, तोंड चौकोनी. मोटारींच्या मासिकांनी नाकं मुरडली होती. ती मासिकं मी नारायणगावच्या स्टँडवर घेऊन वाचायचो आणि खोडदच्या पारावर त्यातलं ज्ञान वाटायचो. एवढी बडी कंपनी, आणि आपल्याला काय दिलं, तर दुसऱ्यांनी सोडलेलं!

तेव्हा माझी जीप नारायणगाव-खोडद वडाप करायची. जीप कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. तिच्यावर माझं प्रेम होतं आणि तिने मला रडवलंही भरपूर. पण गाडी कशी असावी याचा माझा धडा तिच्यावरच गिरवलेला. बॉनेट उघडलं की सगळं दिसलं पाहिजे, पान्याने खुललं पाहिजे, आणि वाटेवरच्या कुठल्याही फिटरला कळलं पाहिजे. गाडी बंद पडणार हे गृहीतच. ती घाटात बंद पडते की स्टँडवर, एवढाच काय तो नशिबाचा भाग. बंदच पडू नये यासाठी कुणी काही करू शकतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. सीटखाली अवजारांची पेटी ठेवायची आणि वर लिंबू-मिरची बांधायची, की झाली आपली सर्व्हिसिंग.

क्वालिस आमच्या भागात आली ती अष्टविनायकाच्या भाविकांना घेऊन. ओझर आणि लेण्याद्री दोन्ही जुन्नर तालुक्यातले, त्यामुळे यात्रेची प्रत्येक गाडी आमच्याकडे फिरकतेच. ओझरच्या पार्किंगमध्ये पुण्या-मुंबईचे ड्रायव्हर भेटायचे. कुणी म्हणायचा दोन लाख किलोमीटर झाले, कुणी म्हणायचा तीन, आणि इंजिनाला अजून हात लावलेला नाही. ड्रायव्हर लोकांच्या आकड्यांतून किती वजा करायचं हे मला माहीत होतं, मी स्वतः ड्रायव्हरच. तरी वजाबाकी करूनही जे उरायचं ते माझ्या जीपच्या मानाने फार होतं. मी ते जपानच्या खात्यावर टाकून मोकळा व्हायचो. जपानी माल, टिकणारच. म्हणजे एकाच तोंडाने मी दोन गोष्टी बोलत होतो: गाडी जुनाट आहे, आणि जपानी आहे म्हणून टिकते. ही दोन वाक्यं एकमेकांना धरून आहेत की नाहीत, हे तपासायला वडापच्या धंद्यात सवड नसते.

मत बदलायला सुरुवात झाली ती गाडीमुळे नव्हे, गावामुळे. ज्यांनी खोडद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावाशेजारी जीएमआरटी आहे, मीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी जगातली एक मोठी दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. एकेक ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश; त्यांतल्या चौदा मधोमध दाटीने, उरलेल्या सोळा तीन दिशांना रांगेने आसपासच्या गावांपर्यंत पसरलेल्या. लांबून भव्य दिसतात, जवळ गेलं की लक्षात येतं की डिश भरीव नाहीत, जाळीच्या आहेत. त्यांच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. पत्रा लावायला सरकारचे पैसे संपले असणार, असा विनोद मीच बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ऐकवायचो.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं आणि शाळांच्या शाळा येतात. एका वर्षी मीही मुलं घेऊन गेलो होतो. एका पोराने तिथल्या तरुण माणसाला नेमकं तेच विचारलं, की एवढी भोकं असताना लहरी खाली पडून जात नाहीत का? त्याने समजावलं ते असं. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांतल्या सगळ्यात आखूड लहरीची लांबीसुद्धा वीतभर, मोठ्या तर दोन मीटरपर्यंत जातात. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. तेवढ्या भोकाला लहर भोक समजतच नाही, तिला जाळी म्हणजे भरीव आरसाच. भरीव पत्रा लावला असता तर वारा अडला असता, वारा अडला की सांगाडा दणकट करावा लागला असता, सांगाड्यामागे पायाही वाढला असता, आणि तेवढ्या पैशात तीस डिश झाल्याच नसत्या. म्हणून जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार, आणि तिची ताणून बसवलेली जाळी.

मला त्या दिवशी बोधिवृक्षाखाली बसल्यासारखं काही झालं नाही. मुलं मोजली, गाडीत भरली, परत आणली. पण ‘पैसे संपले असणार’ हा विनोद त्यानंतर मला करवेना. कमी आहे म्हणजे हलकं आहे, हे माझं मोजमाप होतं. इथे कुणीतरी काय लागतं आणि काय लागत नाही याचा बारीक हिशेब करून मुद्दाम कमी ठेवलं होतं. तो हिशेब मी आयुष्यभर रोज बघत होतो आणि त्याला गरिबी म्हणत होतो.

मग क्वालिस. टोयोटाने २००५ च्या सुरुवातीला ती बंद करून इनोव्हा आणली, तेव्हा क्वालिस अजून चांगली खपत होती. लोक हळहळले, आणि मीही, तिला इतकी वर्षं नावं ठेवून. माझी जीप पासिंगच्या पलीकडे गेली होती. इनोव्हा खिशाबाहेर. म्हणून एका टुरिस्टवाल्याची वापरलेली क्वालिस घेतली. व्यवहार झाल्यावर त्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला एक वही दिली. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी, टायमिंग बेल्ट कधी, सगळं तारीखवार. मी म्हणालो, “काका, बेल्ट तर अजून चांगला दिसतोय, पुढचा कशाला लिहून ठेवलाय?” तो म्हणाला, “तुटल्यावर बदलायचा असता तर वही कशाला घातली असती? तुटला की पिस्टन नि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत्यात. मग वही नको, कर्ज काढावं लागतं.”

ती गाडी चालवताना मला तिची ‘जुनाट’ रचना पहिल्यांदा समजली. इंजिन मोठं आणि त्याच्याकडून मागितलेली ताकद थोडी, म्हणजे त्याचा दम कधी काढलाच जात नाही. जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप, म्हणजे डिझेलच्या बाबतीत फार चोखंदळ नाही; आणि त्या काळात डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं किती सर्रास होतं हे ज्यांनी गाडी चालवली त्यांना सांगायला नको. त्यावेळचं सर्वांत पुढारलेलं नाजूक इंजिन टोयोटाने आपल्याकडे पाठवलं असतं तर मासिकं खूश झाली असती आणि माळशेजच्या घाटात भाविक बॉनेटभोवती उभे राहिले असते. मागच्या पाट्यांना मी हसत होतो. दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन लेण्याद्रीच्या पायथ्याला जायचं तर पाटेच पाहिजेत. कुणीतरी आपले रस्ते, आपलं डिझेल, आपली माणसं कोंबायची सवय, हे सगळं बघून गाडी निवडली होती. त्यात कंपनीचा धंदा होता हे उघड आहे. जुन्या साच्यांतून पुन्हा पैसा काढता आला, हेही खरंच. पण माझा राग असा होता की त्यांनी आपल्याला कमी लेखलं, आणि तो राग आता उरला नाही.

पुढे मी टोयोटाच्या घराण्याची थोडी माहिती गोळा केली, आणि तिथे मराठी माणूस भेटला. आधी जपानी बाजू. साकिची टोयोडा हा मागवाला. धागा तुटला की आपोआप थांबेल असा माग त्याने बनवला, म्हणजे खराब कापड विणलं जाण्याआधीच यंत्र स्वतः थांबतं. मागांची त्याची कंपनी १९२६ ची. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याच्या मागाचे हक्क विकत घेतले. मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. इकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. ही दोन घराणी पहिल्यांदा एकत्र आली ती मोटारीसाठी नव्हे, सूतकताईच्या यंत्रांसाठी, १९९५ साली. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर त्यानंतर १९९७ मध्ये निघाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना झाला. ही जोडी जमवणारे विक्रम किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांच्या घराण्याच्या चौथ्या पिढीतले. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले. लक्ष्मणरावांच्या नांगराला नाकारणारा शेतकरी आणि क्वालिसला नावं ठेवणारा मी, यात फार फरक नाही, असं माझी बायको म्हणते. मी म्हणतो, आहे. त्याने निदान मासिकं वाचून मत बनवलं नव्हतं.

एवढं लिहिल्यावर कुणाला वाटेल की मी टोयोटाचा भक्त झालो. तसं नाही. आमच्याकडे भक्त पुष्कळ आहेत. फॉर्च्युनर दिसली की रस्ता सोडायचा, आत पुढारी असणार, आणि पुढाऱ्याने घेतली म्हणजे गाडी चांगलीच असणार, असा उलटा तर्क चालतो. जपानी रक्तातच टिकाऊपणा आहे असं मानणारेही भेटतात. त्यांना मी जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगतो. टोयोटाच्या काही डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्यांत गडबड केल्याचं उघड झालं, आणि भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सच्या गाड्या पाठवणं काही दिवस थांबवावं लागलं. गाड्या धोकादायक नव्हत्या, फेब्रुवारीत पुरवठा सुरूही झाला. पण ती इंजिनं बनवणारी टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण? १९२६ ची तीच, मागांची कंपनी. धागा तुटला की थांबायचं हे जिथे जन्मलं, तिथेच तुटलेला धागा दाबून यंत्र चालू ठेवलं गेलं. टिकाऊपणा जपानी रक्तात असता तर हे झालं नसतं. ती रोज पाळायची शिस्त आहे, आणि न पाळणारा माणूस जपानमध्येही सापडतो.

दुसरीकडे, नावं ठेवायची तर तुलनाही बघावी. क्वालिस गेल्यावर २००४ मध्येच आलेल्या टवेराकडे आमच्याकडचे बरेच वडापवाले वळले होते. गाडी कामाची होती. पण ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात विक्रीच बंद केली, आणि आपल्याच जिल्ह्यात तळेगावला असलेला त्यांचा कारखानाही पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेला. गाडी घेताना तिची कंपनी पंधरा वर्षांनी इथे असेल का, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. टोयोटाने तर जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारशी केला.

सध्याचा वाद डिझेल की हायब्रिड असा आहे. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस पेट्रोलवर चालते, सोबत बॅटरी. खोडदला या वादाला एक वेगळंच अंग आहे: पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि ठिणगी म्हणजे रेडिओचा गोंगाट. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच फक्त डिझेल गाड्या नेतात. म्हणजे शहरातली हवा डिझेलला नको म्हणते आणि आकाश पेट्रोलला. यावर माझं मत अजून झालेलं नाही, आणि या वेळी मी ते घाईने बनवणारही नाही.

भाचा मात्र थांबायला तयार नाही. टुरिस्टसाठी त्याने वापरलेली क्रिस्टा घेतली. दुसरी एक जुनी इनोव्हा होती, सगळ्या बिलांसकट, ती मी त्याला दाखवली होती. क्रिस्टाचा रंग त्याला आवडला. मी टायमिंग बेल्टचं काढलं तर म्हणाला, “मामा, क्रिस्टाला बेल्टच न्हाय, चेन हाय.” बरोबर आहे त्याचं. चेनलाही ऑइल वेळेवर लागतं, म्हणालो. त्याने मान डोलावली. मागचं ऑइल कधी बदललंस विचारलं, तर मोबाइल काढून पार्किंगमधले फोटो मागे सरकवत बसला, तारीख त्यात कुठेतरी असेल म्हणून.