आण्णांची बॅटरी : उजेड किती आणि किती वेळ?



पुस्तकात शब्द आहे ‘विजेरी’. चौथीच्या वर्गात मी तो फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "विजेरी कुणाकुणाच्या घरी आहे?" एकही हात वर आला नाही. मग विचारलं, "बॅटरी कुणाकडं आहे?" सगळ्या वर्गाचे हात वर! आपल्याकडं हातातल्या टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतो त्याला सेल. म्हणून या लेखात मीही बॅटरी हाच शब्द वापरणार आहे.

हा लेख विज्ञानाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

आमचं गाव जेऊर, तालुका करमाळा. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. उजनीचं बॅकवॉटर जवळ, त्यामुळं भागात ऊस आणि केळी भरपूर. पाणी आहे, पण ते उपसायला थ्री फेज लाईन लागते, आणि शेतीची लाईन काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री असते. रात्रपाळी आली की आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, अकरा-बाराला उठून मोटार चालू करायला आणि दारं धरायला जातात. वय पासष्ट. मी नोकरीला लागल्यापासून त्यांच्यासोबत फार तर चार-पाच वेळा गेलो असेन. हे सांगताना बरं वाटत नाही.

त्यांच्याकडं दोन मोठ्या सेलची जुनी पितळी बॅटरी होती. पिवळा, मिणमिणता उजेड. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी आठवडी बाजारातून त्यांना नवीन घेऊन दिली. खोक्यावर मोठ्या अक्षरात प्रचंड आकडे, आतल्या सेलवर ‘9900 एमएएच’. दुकानदारानं समोरच्या इमारतीवर झोत मारून दाखवला. मी खूश. डी.एड. झालेला माणूस, पण खोक्यावरचा आकडा खरा आहे का, हा प्रश्नच मला पडला नाही.

श्रावणातल्या एका रात्री आण्णा उसात दारं धरायला गेले आणि बॅटरी मधेच विझली. हळूहळू मंद झाली नाही, एकदम बंद. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, पायाखाली चिखल, आभाळ भरलेलं. ते अंदाजानं बांधावरून परत निघाले, तेवढ्यात पायाजवळ आवाज आला. कुकरची शिट्टी सुटावी तसा लांबलचक फुस्कारा. घोणस! ते जागच्या जागी थांबले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आवाज थांबल्यावर उलटं एकेक पाऊल टाकत मागं आले आणि मोटारीच्या कोठीवर दिवस उगवेपर्यंत बसून राहिले. त्यांचा साधा फोन घरी चार्जिंगला होता.

सकाळी चहा पिताना मला एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुझी बॅटरी लय भारी हाय रं, पर मधीच मेली."

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. ते रागावले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

आमच्या भागात रात्रीच्या उजेडाचं महत्त्व सांगायला नको. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली. 18 डिसेंबरला वांगी परिसरात त्याला गोळी घालून ठार केलं, तोवर रात्री शेतात जायला कुणी धजत नव्हतं. पण बिबट्या कधीतरी येतो, साप मात्र रोजचा. मण्यार तर रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही.

त्या दिवशी मी बाजारातली बॅटरी उघडली. आतला सेल ‘18650’ प्रकारचा होता. हा आकडा म्हणजे सेलचं माप आहे : व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या लिथियम सेलमध्ये साधारण 3500 एमएएचच्या आसपास वीज मावते. म्हणजे 9900 हा आकडाच अशक्य! चांगला सेल वजनाला 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर माझा भरला 27 ग्रॅम. मी पैसे आकड्याला मोजले होते, विजेला नाही.

मग ठरवलं, हाच पाठ मुलांना शिकवायचा. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "घरची बॅटरी घेऊन या." चौदा बॅटऱ्या आल्या. त्यावरून आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट : उजेड एकूण किती आणि लांब किती?

बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. एका दिशेला झोत किती तीव्र आहे, ते कँडेलामध्ये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या पाइपाचं उदाहरण घ्या. पाणी तेवढंच, पण तोंडावर बोट दाबलं की लांब उडतं. उजेडाचं हे काम आतला चकचकीत वाटीसारखा आरसा करतो. वाटी मोठी आणि खोल असेल तर झोत लांब जातो, लहान असेल तर उजेड जवळच पसरतो.

खोक्यावर ‘200 मीटर’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थही मुलांना सांगितला. नियमानुसार मोजलं असेल, तर त्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथला साप दिसेल असा नाही.

वर्गाच्या भिंतीवर आम्ही चौकोन आखले. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून उजेड सोडला. भिंत एक मीटरवर असताना एक चौकोन उजळला. दोन मीटरवर नेल्यावर चार चौकोन उजळले, पण उजेड फिका पडला. अंतर दुप्पट, उजेड चौथा हिस्सा. चौथीच्या मुलांना सूत्र सांगायची गरज पडली नाही. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, तेवढंच तूप चार भाकरीला लावल्यासारखं झालं."

दुसरी गोष्ट : किती वेळ?

हे गणित मोठ्यांसाठी. 3000 एमएएचचा खरा सेल म्हणजे 3 अँपिअर-तास. त्याला 3.6 व्होल्टने गुणलं की साधारण 10.8 वॅट-तास होतात. आजचा चांगला एलईडी एका वॅटमध्ये ढोबळमानाने 100 ल्युमेन देतो. म्हणजे 1000 ल्युमेनवर बॅटरी तासभर चालेल आणि 100 ल्युमेनवर दहा तास. सेल तोच, पैसे तेच. फरक फक्त आपण कोणत्या बटणावर चालवतो याचा.

पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतली बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा, म्हणून तो मिणमिणायचा. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळं. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या उजेडावर पिवळसर थर दिला की आपल्याला पांढरा उजेड दिसतो. मुलांना बंद बॅटरीतला तो पिवळा ठिपका दाखवला, त्यांना फार मजा वाटली.

तिसरी गोष्ट : सेल कोणता?

बाजारात मिळणारे साधे पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचे असतात, कुठंही मिळतात. पण वापर नसताना बॅटरीतच राहिले तर पाझरतात आणि स्प्रिंग खातात. आलेल्या चौदापैकी पाच बॅटऱ्या त्यामुळंच बंद होत्या. अल्कलाइन सेलची पांढरी पूड दिसली तर मोठ्यांनी हातमोजा घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या बोळ्यानं पुसावी. जुना-नवा सेल एकत्र घालू नये. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल 1.2 व्होल्टचे असतात, रोजच्या वापराला परवडतात.

लिथियम सेल ताकदवान, पण सांभाळावा लागतो. सुटा सेल किल्ल्या किंवा सुट्ट्या पैशांसोबत खिशात ठेवू नका, शॉर्ट होऊन पेटू शकतो. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल वापरू नका. उशाशी रात्रभर चार्जिंगला लावू नका. आणि खेळण्यातले बटण सेल लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. गिळला तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठावा लागतो. कोणताही सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायचा नाही.

एवढं शिकून आण्णांसाठी दुसरी बॅटरी घेतली. मुठीत मावणारी, एका खऱ्या सेलची, सेल बदलता येणारी, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारी. पाण्यात पडली तरी चालावी म्हणून ‘आयपीएक्स 7’ बघितलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. मी अभिमानानं सगळ्यात मोठा झोत लावून दाखवला. आण्णांनी डोळ्यावर हात धरला.

"ह्यो नगं. ह्यो विझला की मला अर्धा तास काय दिसत न्हाय. बारका लाव."

बरोबर होतं त्यांचं! प्रखर उजेडानंतर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. चाळीस वर्षं रात्रीची दारं धरलेल्या माणसाला ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. पुढं म्हणाले, "बॅटरी लांब मारायची न्हाय. दोन पावलं म्होरं मारायची. साप लांब नसतोय, पायात असतोय."

आता ते रोज संध्याकाळी खिशात तंबाखूची पुडी, फोन आणि ती बॅटरी घेऊनच बाहेर पडतात. जुन्या पितळी बॅटरीत एलईडी बल्ब बसवून घेतला, ती कोठीत खुंटीला असते. एक विझली तर दुसरी. फोनचा उजेड मी त्यात धरत नाही. फोन 108 ला लावण्यासाठी राखायचा. साप चावलाच तर कापाकापी नाही, मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना.

आणि रात्रपाळी असली की मी आठवड्यातून एकदा तरी सोबत जातो. शेतीला कायम दिवसा लाईन मिळाली, तर या लेखातली निम्मी माहिती कुणाला लागणारच नाही. तसं झालं तर मला आनंदच होईल.

मुलांसाठी उपक्रम

1. घरातल्या बॅटरीत किती आणि कोणते सेल आहेत ते मोठ्यांसोबत बघा व वहीत लिहा.
2. भिंतीवर चौकोन आखून एक व दोन मीटरवरून उजेड मोजा. उजेड कुणाच्याही डोळ्यात मारू नका.
3. संध्याकाळी बॅटरी लावून ती किती वेळ चालते याची नोंद करा.
4. घरात रात्री शेतात कोण जातं? त्यांना विचारा, "बॅटरी कशी धरता?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

चौथा प्रश्न नक्की द्या. माझ्या वर्गात सगळ्यात चांगली उत्तरं त्यालाच आली. तुमच्या शाळेत काय आलं, जरूर कळवा.