ताजचे भूत

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेची सातवीची सहल दरवर्षी भिवंडीहून मुंबईला जाते. आधी राणीची बाग, मग म्युझियम आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. गेटवेला पोहोचेपर्यंत डबे संपलेले असतात, दोन-तीन पोरांना बस लागलेली असते आणि आम्ही चौघे शिक्षक पोरांपेक्षा जास्त दमलेलो असतो. समुद्र दिसला की मुले पुन्हा टवटवीत होतात. गेल्या सहलीत मात्र सगळी पोरे समुद्राकडे पाठ करून ताजमहाल हॉटेलकडे बघत उभी राहिली. एका फोटोवाल्याने त्यांना सांगितले होते, "ये बिल्डिंग उल्टी बनी है. गोरा साब विलायत से लौटा, देखा, और ऊपर से कूद गया. आज भी रात को घूमता है."

झाले! चाळीस पोरांचे चाळीस प्रश्न. विज्ञानाच्या सरांनी "भूत-वूत कुछ नहीं होता" म्हणून विषय मिटवायला पाहिला, तर एका मुलीने लगेच विचारले, "मगर सर, जिन्न तो होते हैं ना?" सर गप्प झाले. आमच्या घरांत हे असेच आहे. भूत मानायचे नाही, कारण मेल्यावर रूह बरजखमध्ये जाते, ती गल्लीबोळांत फिरत नाही. पण मगरिबनंतर चिंचेखालून जायचे नाही, हेही त्याच घरात आजीने शिकवलेले असते. बी.एड. झाले म्हणून ती चिंच मनातून जात नाही.

ताजच्या गोऱ्या साहेबाची गोष्ट आम्हीही लहानपणी ऐकली होती आणि खरी मानली होती. पुढे शिकवायची वेळ आली तेव्हा पुस्तके उघडली. हॉटेल सुरू झाले 16 डिसेंबर 1903 रोजी. समोरचा गेटवे नंतरचा, 1924 चा. हॉटेलचे मुख्य दार शहराच्या बाजूला होते, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. म्हणजे गाड्या शहरातून येत आणि दारात थांबत. इमारत उलटी नाही, आपण तिला मागून पाहतो. गोष्टीतला गोरा साहेब म्हणजे डब्ल्यू. ए. चेंबर्स. त्याने ताजवरून उडी मारल्याचा पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. आणि मूळ नकाशा त्याचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांनी त्याआधी स्टीव्हन्स साहेबाच्या हाताखाली बोरीबंदरच्या व्हीटी स्टेशनच्या कामावर सहायक म्हणून काम केले होते. 1900 साली, ताजचे काम अर्ध्यावर असताना, त्यांचे निधन झाले. त्यानंतर चेंबर्सने ते पुरे केले.

म्हणजे या इमारतीसाठी कोणाचा जीव अडकलेला असायचा तर तो वैद्यांचा. आपण काढलेली इमारत त्यांना उभी राहिलेली पाहायला मिळाली नाही. पण भुताची जागासुद्धा गोऱ्या साहेबाला मिळाली! पोरांना हे सांगितले. आतला प्रसिद्ध जिना खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांचा, हेही सांगितले. "खानसाहेब" म्हटल्यावर पोरांचे चेहरे खुलले. ते पारशी होते म्हटल्यावर पुन्हा पूर्ववत झाले.

काही गोष्टी सातवीच्या पोरांना सांगता येत नाहीत, त्या इथे लिहितो. या हॉटेलचे नाव झाले ते रात्रीच्या नाचगाण्यामुळेही. 1935 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला जाझचा ताफा घेऊन इथे आला. ज्या देशात त्या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, तिथून येऊन ते इथल्या बॉलरूममध्ये राजेरजवाडे आणि साहेबमडमांना नाचवत होते. त्यांच्या मागून गोव्याचे वादक आले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ट्रंपेट वाजवायचा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. चाळीसच्या दशकात ताजमध्ये त्याचा बँड होता. पुढे तो आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमात गेला. 'अलबेला' (1951) मध्ये पडद्यावर वाजवतानाही दिसतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या रात्रींचा रंग उतरला, पण नाच थांबला नाही. सत्तरच्या दशकात याच हॉटेलात 'ब्लो अप' नावाचे डिस्कोथेक चालत होते. आमच्यापैकी कोणी त्या दारातून कधी आत गेलेले नाही. पण ज्यांची गाणी आमच्या अम्मी चूल फुंकताना गुणगुणत, ती ज्यांनी वाजवली, ते इथे रात्र रात्र घाम गाळत होते हे कळल्यावर इमारत थोडी ओळखीची वाटू लागली.

खरे मरण तर या इमारतीने पुष्कळ पाहिले. पहिल्या महायुद्धात इथे सहाशे खाटांचे इस्पितळ होते. जिनांच्या पत्नी रत्तीबाई शेवटच्या काळात इथे राहत. 20 फेब्रुवारी 1929 रोजी, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, त्या गेल्या. माझगावच्या खोजा कब्रस्तानात त्यांची कबर आहे. यांतल्या कोणाचेही भूत फोटोवाल्याच्या गोष्टीत नाही.

आम्ही पोरांना बसकडे वळवत होतो, तेवढ्यात एकाने वरच्या खिडक्यांकडे बोट केले. "सर, 26/11 यहीं हुआ था ना?" हो म्हटले. इथे 31 माणसे मेली, त्यांत हॉटेलचे नोकरही होते, हेही सांगितले. तो तरीही हलेना. आमच्यातले एक सर सकाळी मशिदीतल्या मक्तबात शिकवतात, त्यांच्याकडे वळून म्हणाला, "सर, आपने पढ़ाया था ना, मय्यत पड़ी रहे और कोई न दफ़नाए, तो पूरी बस्ती गुनहगार. फिर उन नौ लोगों का क्या?"

त्याला हे घरी कोणीतरी सांगितले असणार. 2008 साली ही पोरे जन्मलीही नव्हती. आम्ही तेव्हा कोणी बारावीला होतो, कोणी डी.एड.ला. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा देणार नाही, असे जामा मस्जिद ट्रस्टने जाहीर केले. 9 डिसेंबरला बकरी ईद होती. त्या ईदला लोकांनी काळ्या फिती लावून नमाज पढली, आम्हीही लावली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. सीएसटीवर मेलेल्यांत आपलीही पुष्कळ माणसे होती, आणि त्या नऊ जणांनी आपल्या दीनचे नाव घेऊन हे केले, याचा संताप होता. नाही म्हणायला नको, भीतीही होती. त्या दिवसांत लोकलमध्ये आम्ही उर्दू पेपर घडी करून पिशवीत ठेवत असू.

नऊ मय्यती वर्षाहून जास्त काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिल्या. जानेवारी 2010 मध्ये त्या गुपचूप दफन केल्या, हे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितले. जागा कोणालाच सांगितली नाही.

त्या नकाराबद्दल आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फीत लावू. पण पोराने जे विचारले ते आम्हीच शिकवलेले होते. गुस्ल, कफन, नमाज, दफन, फर्ज-ए-किफाया. परीक्षेत पाच गुणांना येते. त्यात कोणाची मय्यत असा पोटप्रश्न नाही. मक्तबवाले सर थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घर चलो बेटा, अंधेरा हो रहा है." अंधार व्हायला अजून तासभर होता.

बसमध्ये मागच्या बाकांवर भुताचा खेळ रंगला होता. पुढे आम्ही चौघे गप्प होतो. ठाण्याच्या खाडीवर आल्यावर विज्ञानाचे सर म्हणाले, "उत्तर काय द्यायला हवे होते?" मक्तबवाल्या सरांनी मान हलवली, ती हो की नाही ते कळले नाही.

सोमवारी सहलीवर निबंध लिहायला दिला. फोटोवाल्याचा गोरा साहेब अकरा वह्यांत निघाला, आम्ही एवढे सांगूनही. एका मुलीने लिहिले होते की ताजमध्ये वैद साहब रात्री येतात, भिंतींवरून हात फिरवतात आणि फजरच्या आधी निघून जातात. लाल पेनाने 'वैद'चे 'वैद्य' केले, बाकीचे तसेच ठेवले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने मात्र पूर्ण पान राणीच्या बागेतल्या पेंग्विनवर भरले होते. ताजचे नावही घेतलेले नव्हते.