जहाज थांबते, इंजिन थांबत नाही



आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘बंदर’ हा शब्द लिहिला आणि अर्धा वर्ग हसू लागला. हिंदीत बंदर म्हणजे माकड. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकलेली, त्यामुळे मलाही हसू आवरेना. विषय मात्र गंभीर होता. यंदाच्या सहलीसाठी काही पालकांनी मुंबई-गोवा क्रूझ सुचवली आहे, आणि त्याबद्दल आधी मुलांशी बोलावे असे मला वाटले.

मोठे क्रूझ जहाज म्हणजे तरंगते गावच. पाच-सहा हजार माणसे, स्वयंपाकघरे, पोहण्याचे तलाव, खोल्याखोल्यांत एसी. धक्क्याला लागल्यावर प्रवासी शहर बघायला उतरतात, पण एसी, फ्रिज, दिवे चालूच असतात. ती वीज बहुतेक ठिकाणी जहाजावरचेच जनरेटर पुरवतात आणि त्यांचा धूर दिवसभर धक्क्यालगतच्या वस्तीवर पसरतो. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी मुले आणि हृदयविकाराचे वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक. हे लोक जहाजावर कधी पाऊलही ठेवत नाहीत.

मुलांना मी एक गणित घातले. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक चालते. जहाजांच्या इंधनात २०१९ अखेरपर्यंत ३५,००० भाग चालत असे. जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ५,००० झाली आणि भूमध्य समुद्रात मे २०२५ पासून १,०००. भागाकार लगेच झाला: सर्वांत कडक नियमातही आपल्या स्कूलबसच्या डिझेलपेक्षा शंभरपट! शिवाय कित्येक जहाजे महाग इंधन टाळण्यासाठी आपला धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. हवा थोडी सुधारते, पण ते आम्लयुक्त पाणी बहुधा पुन्हा समुद्रातच जाते.

इटलीतल्या व्हेनिसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे ही अजस्र जहाजे अगदी शहराच्या मधल्या कालव्यातून जात. जून २०१९ मध्ये असेच एक जहाज धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर आदळले. रहिवासी कित्येक वर्षे विरोध करत होतेच. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना तो मार्ग बंद झाला. बंदरावर पोट असणाऱ्यांसाठी सरकारला भरपाईची तरतूद करावी लागली. पण बरीच जहाजे जवळच्याच मार्गेरा या औद्योगिक बंदराकडे वळवली गेली. म्हणजे जुने व्हेनिस सुटले, धूर शेजारी गेला. याला पूर्ण उपाय म्हणणे मला जड जाते.

खरा उपाय साधा आहे: जहाजाला किनाऱ्यावरची वीज द्यायची आणि इंजिन बंद करायचे. अलास्कातल्या जुनो बंदरात हे २००१ पासून होते आहे, आणि तिथली वीज मुख्यतः पाण्यापासून बनते.

मैलापाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे शुद्ध न केलेले मैलापाणीही सोडायला आंतरराष्ट्रीय नियम बहुतेक समुद्रांत मुभा देतो. ओला कचरा, सुका कचरा करत वाढलेल्या इंदूरच्या मुलांना हे पटेना. “मॅडम, तिथे कचरागाडी नाही का येत?” एकीने विचारले.

आपल्या देशातही २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले आहे. त्यातून रोजगार येईल, त्याला माझा विरोध नाही. धक्क्यावरची विजेची सोय मात्र जहाजांच्या आधी व्हावी, नंतर नव्हे. कोणी पालक सुट्टीत क्रूझने जाणार असतील, तर तिकीट काढताना एवढे जरूर विचारावे की बंदरात जहाज कुठली वीज वापरते.

शाळेच्या सहलीबाबत विश्वस्त मंडळापुढे मी माझे मत ठेवले आहे: मुंबईला अवंतिका एक्सप्रेसने जावे, समुद्र किनाऱ्यावरूनच पाहावा. ज्या पालकांचे मत वेगळे असेल त्यांनी ते लेखी स्वरूपात वर्गशिक्षकांकडे द्यावे. मंडळाच्या बैठकीत ते वाचून दाखवले जाईल.

— प्राचार्या