मामंजींचं घड्याळ कितीचं?

जळगावसारख्या सराफ बाजाराच्या गावात राहणाऱ्या आम्हा बायकांना सोन्याची पारख शिकवावी लागत नाही. पण कपाटातल्या जुन्या घड्याळाची किंमत करा म्हटलं, तर? आमच्या घरी तशी वेळ आली खरी.

धुळ्याला सासूबाईंमागोमाग मामंजीही गेले. वर्षश्राद्धानंतर वाटणीचं बोलणं निघालं. वन्सं म्हणाल्या, "मला बाबांचं घड्याळ तेवढं द्या." लगेच हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला. वर कुणीतरी म्हणालं, "जुनं ऑटोमॅटिक आहे, लाखाचं असेल!" म्हणजे वन्संचा वाटा त्यातच फिटला! मी म्हटलं, आधी पारख तर करू या.

जळगावला येताना घड्याळ घेऊन आले आणि एका जाणत्या घड्याळजींना दाखवलं. एच.एम.टी.चं 'कांचन' होतं ते. बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं मनगटी घड्याळं तयार होऊ लागली. लग्नात जावयाला 'कांचन' देणं मोठ्या मानाचं असे. २०१६ मध्ये सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. हौशी लोक आता ही घड्याळं शोधत फिरतात.

पारख कशी करायची, सांगते. घड्याळ हलकेच हलवा. आत काही फिरल्यासारखं जाणवेल. ते अर्धगोल वजन असतं, हाताच्या हालचालीनं फिरून तेच चावी देतं. तबकडी नवीकोरी चकचकीत आणि अक्षरं जाडीभरडी दिसली, तर ती मागाहून रंगवलेली समजा. किंमत उतरते. त्यापेक्षा फिकी पण मूळची तबकडी बरी. झाकण घड्याळजींकडूनच उघडून घ्या. आतलं यंत्र त्याच कंपनीचं हवं. '२१ ज्वेल्स' वाचून हुरळू नका. यंत्र झिजू नये म्हणून बसवलेले ते कृत्रिम माणकांचे बारीक खडे, मोडीत त्यांना कोण विचारतो? आणि 'कांचन' म्हणजे वर नुसता सोनेरी मुलामा, बरं का!

आमचं घड्याळ सर्व बाजूंनी अस्सल निघालं. तरी किंमत किती? एका बऱ्या साडीएवढी!

धुळ्याला मी तसंच सांगितलं. घर मामंजींच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही. अशा घरात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीला मुलाइतका वाटा आहे. २००५ पासून देशभर वडिलोपार्जित मिळकतीतही आहे. यात आमचाच वाटा कमी होणार होता, त्यामुळे घरात दोन दिवस अबोला. पण तो कागद परत गेला. घड्याळ वन्संना मिळालं, वाटाही मिळाला.

तुमच्यापुढे असा कागद आला, तर सही करण्याआधी घड्याळाची किंमत काढा, आणि घराचीही.