पेत्राच्या वेगाने



ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेत योहानलिखित शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला जातो. मग्दालिया मरिया अंधार असतानाच कबरेकडे जाते. धोंड बाजूला झालेली पाहून धावत परत येते आणि पेत्राला व दुसऱ्या एका शिष्याला सांगते. मग ते दोघे निघतात. बरोबरच धावतात, पण दुसरा शिष्य पुढे जातो. तो कबरेशी आधी पोहोचतो, वाकून पाहतो, त्याला तागाची वस्त्रं दिसतात, आणि तरी तो आत जात नाही. पेत्र मागून येतो आणि थेट आत शिरतो. त्यानंतर हा दुसरा आत जातो.

यंदा ईस्टरनंतरच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, पहिला आला तर आत का नाही गेला? भ्याला काय?"

मी त्याला नेहमीचं उत्तर दिलं. पेत्र प्रेषितांमध्ये प्रमुख होता, म्हणून त्याचा मान राखला. परंपरेने तो दुसरा शिष्य म्हणजे योहान, आणि तो वयाने लहान होता असं आपण मानतो, जरी शुभवर्तमानात कुणाचंच वय लिहिलेलं नाही. उत्तर बरोबरच आहे, आणि मुलाचंही समाधान झालं. पण मी स्वतः गेलं दीड वर्ष या दोघांचा विचार करते आहे, तो वर्गात बसून नव्हे, तर पहाटेच्या अंधारात, वेंगुर्ला रोडवर, माझ्या पप्पांच्या अर्धं पाऊल मागे धावताना. म्हणून आज थोडं घरचं लिहिते.

पप्पा 72 वर्षांचे आहेत. पोस्टमन म्हणून त्यांची सगळी नोकरी बेळगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत झाली. हिंडलगा, सुळगा, उचगाव या वाटेवरची घरं त्यांना नावानिशी माहीत आहेत. कुणाच्या मुलाची मनीऑर्डर दर महिन्याला यायची आणि कुणाची आई नुसतीच दारात उभी असायची, हेही आठवतं. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पप्पा दोन महिने चालले आणि मग कंटाळून पळायला लागले. "चालायचे पैसे सरकारनं आयुष्यभर दिले. आता फुकट कशाला चालू?" हा त्यांचा हिशोब.

त्या रस्त्यावर चंदगडकडून उसाच्या ट्रॉल्या येतात, सावंतवाडीकडचे ट्रक येतात. पहाटे साडेचारला एकटा म्हातारा माणूस त्या अंधारात जाणार, हे मला पटेना. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "येतीस तर ये, खरं बडबडायचं नाही."

धावणं सोडून दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2021च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, माझी आई गेली. पप्पा तेव्हा स्वतः पॉझिटिव्ह होते, मागच्या खोलीत बंद. आईला चर्चमध्ये नेता आलं नाही. दफनभूमीत आम्ही मोजून चार माणसं होतो, अंगभर प्लॅस्टिक घातलेली. भावाने पप्पांना मोबाइलवर दाखवायचा प्रयत्न केला, तर मध्येच रेंज गेली. पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट त्यांनी एका थांबलेल्या चित्रात पाहिला.

त्यानंतर पप्पा चर्चच्या आत आले नाहीत. दफनभूमीतही गेले नाहीत. 2 नोव्हेंबरला फुलं आणि मेणबत्त्या माझ्याकडे द्यायचे, एवढंच. देव नाही असं ते कधीच म्हणत नाहीत. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाले, "तो हाय. खरं माझं त्याचं बोलणं बंद हाय." फादर दोनदा घरी येऊन गेले. पप्पांनी त्यांना चहा दिला, कांद्याच्या भावावर बोलले, गेटपर्यंत सोडायला गेले. मी दर रविवारी इतरांच्या मुलांना सांगते की मिस्साबलिदान हा आपल्या जीवनाचा झरा आहे, आणि माझ्या घरचा माणूस त्याच वेळी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. मिस्सेनंतर लोक काळजीने विचारतात, "पप्पा दिसत नाहीत?" काय सांगायचं? "बरे आहेत," म्हणते. बरे असतातही.

लांब पळण्यासाठी त्यांनी नेमका रविवार निवडला. मी त्यावर वाद घातला नाही. मिस्सा आठ वाजता असते. पावणेपाचला निघालो तर 18 किलोमीटर करून सव्वासातला परत येता येतं, कारण आमचा वेग किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं असतो. हा वेग पप्पांचा. मला थोडं जोरात जाता येतं, आणि सुरुवातीला पाय आपोआप पुढे जायचे. हिंडलग्याच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी मी वळून पाहायचे, तर ते मागे अंधारात. मग थांबायचं. थांबलं की अंग गार पडतं आणि पुन्हा सुरू करणं जड जातं. पुढे जाऊन थांबण्यापेक्षा त्यांच्याच वेगाने पळणं सोपं, हे पायांना महिनाभरात कळलं.

शिवाय लांब पल्ल्याच्या सरावात हळूच पळायचं असतं. नवख्यांना हे खरं वाटत नाही. दम न लागता बोलता येईल इतका वेग ठेवला, तर हृदय आणि स्नायू पुष्कळ वेळ काम करायला शिकतात आणि शरीर साठवलेली साखर जपून वापरतं. जोरात गेलं तर तो साठा लवकर संपतो आणि पाय शिशाचे होतात. आम्ही अंतरही दर आठवड्याला फार तर एखाद्या किलोमीटरने वाढवलं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी केलं. (आपल्यापैकी कुणी आईवडिलांना घेऊन निघणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर खिशात ग्लुकोज ठेवा. समोरून वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, आणि अंधारात चमकणारा पट्टा घाला. पप्पांना पट्टा लाजिरवाणा वाटत होता. खाकी गणवेश आयुष्यभर घातलात ना, म्हटल्यावर घातला.)

बोलता येईल इतका वेग ठेवायचा, आणि बडबडायची तर बंदी. मग मी जपमाळ म्हणायला लागले. 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग एका श्वासात नीट संपला तर वेग बरोबर, मध्येच तुटला तर जास्त. घड्याळापेक्षा हे माप मला बरं वाटतं. पाच रहस्यांची जपमाळ आमच्या वेगाने सव्वादोन किलोमीटरपर्यंत पुरते. हिंडलगा सोडल्यावर ती सुरू करायची, असं ठरून गेलं. रविवारी गौरवाची रहस्यं, पहिलंच प्रभूच्या पुनरुत्थानाचं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळेचा पहिला अर्धा भाग आई म्हणायची आणि दुसरा आम्ही सगळे, त्यात पप्पांचा आवाज सगळ्यात मोठा. रस्त्यावर मी पहिला अर्धा भाग म्हणते आणि क्षणभर जागा सोडते. ती जागा रिकामीच राहते. चपलांचा, म्हणजे बुटांचा, आवाज तेवढा येतो. मग दुसरा भागही मीच म्हणते. पप्पांनी कधी "बंद कर" म्हटलं नाही. ते बरोबर म्हणतात का, तर नाही.

संत पौल करिंथकरांना लिहिताना धावण्याचाच दाखला देतात, आणि तो उगाच नव्हे. करिंथजवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिले होते, तेव्हा त्यांच्या वाचकांना शर्यत काय असते हे समजावून सांगायची गरज नव्हती. प्रवचनांत आपण हाच दाखला पुन्हा पुन्हा ऐकतो. मला मात्र तो पप्पांच्या बाबतीत कधी लागू करता आला नाही. त्या शर्यतीत बक्षीस एकालाच मिळतं. योहान आणि पेत्राची धाव निराळी आहे. तिथे पहिला आलेला काही जिंकत नाही, आणि मागून येणारा तर तीन दिवसांपूर्वी कोंबडा आरवायच्या आधी प्रभूला नाकारून बसलेला आहे. तो पाय ओढत का होईना, त्याच कबरेकडे धावतो आहे. माझ्या मते योहानाने पेत्राचा नुसता मान राखला नाही. आत काय आहे ते आधी पेत्राने पाहणं जास्त गरजेचं होतं.

युजीन बर्नां या स्विस चित्रकाराने 1898 मध्ये या दोघांचं चित्र काढलं. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पहाटेचं पिवळसर आकाश, वाऱ्याने मागे उडालेले केस. तरुण योहानाने पांढऱ्या वस्त्रात हात घट्ट जुळवलेले आहेत. शेजारी दाढी पिकलेला पेत्र, त्याचा एक हात छातीवर, डोळे विस्फारलेले. आनंदाची बातमी खरी असेल की नाही, या भीतीने माणसाचा चेहरा कसा होतो ते त्या चित्रात दिसतं. मी ते मोबाइलवर पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पाय काढलेच नाहीत. पाय दिसले असते तर सांगितलं असतं कोण कुठवर टिकणार." मोबाइल परत दिला आणि थोड्या वेळाने पुन्हा मागून घेतला.

जानेवारीत एका रविवारी दाट धुकं होतं. आम्ही उचगाव फाट्यावरून परत फिरलो होतो. कॅम्पमध्ये शिरताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची एक तुकडी "चलो काका" म्हणत आम्हाला मागे टाकून गेली. रोज आम्ही सरळ जातो. त्या दिवशी पप्पा न बोलता दफनभूमीच्या रस्त्याला वळले. उतार होता, माझे पाय सुटले, आणि मी त्यांच्या आधी फाटकाशी पोहोचले. फाटकाला नुसती कडी होती. आईची कबर कुठे आहे, कोणत्या झाडापासून वळायचं, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. मी कडी काढली आणि बाजूला उभी राहिले.

पप्पा आले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी दम घेतला. मी म्हटलं, "चिंचेच्या झाडापासून डावीकडे, तिसरी." ते आत गेले. मी बाहेर थांबले. धुक्यात ते दिसतही नव्हते. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही, पण घाम वाळून मला हुडहुडी भरली होती. मग आतून हाक आली, "ये की गे." मी गेले. त्यांनी कबरेवरचं गवत उपटून एका बाजूला नीट ढीग केला होता. "हे कोण बघतंय? गवत माजलंय," म्हणाले. त्यांचे हात मातीने भरले होते. त्या दिवशी मी मिस्सेला दहा मिनिटं उशिरा पोहोचले, आणि ते नेहमीसारखे चर्चच्या गेटवरून घराकडे वळले.

एकदोघांना हे सांगितलं तेव्हा ते आनंदाने म्हणाले, आता परत येतील बघ. मी असं म्हणत नाही. चर्चच्या गेटवर मी त्यांच्यासाठी थांबून राहू शकत नाही, आत पन्नास मुलं वाट पाहत असतात. त्यांना सोडून आत जाताना दर रविवारी मला तेवढंच जड जातं. पण दफनभूमीत ते आता दोन आठवड्यांतून एकदा जातात. त्यासाठी एक विळा धार लावून ठेवला आहे.

पावसाळ्यानंतर अर्धमॅरेथॉन पळायची, असं पप्पांनी ठरवलं आहे. अंतर 21 किलोमीटर आणि वर जवळजवळ 100 मीटर. त्याआधी एकदा हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिनोळीपर्यंत एका दमात जायचं आणि एसटीने परत यायचं, हीही त्यांचीच इच्छा. तिथे पाट्यांवरचं कानडी संपून मराठी सुरू होतं, "खड्डे मात्र तेच" असं ते आत्ताच सांगून ठेवतात.

गेल्या रविवारी 16 किलोमीटरचा पल्ला होता. ऊन लवकर चढलं. सुळग्याच्या पुढे गौरवाचं चौथं रहस्य चालू असताना माझा घसा पार सुकला आणि मी गप्प झाले. तसेच दोनेकशे पावलं पळालो. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "चौथं अर्ध्यातच सोडलंस. सात राहिलेत."

मी मनात मोजून पाहिलं. सातच राहिले होते. ते संपवले आणि मग आम्ही पाणी प्यायलो.